दरवाजा आडवा झाला

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. एवढं ऐकून तुम्ही माझ्या बिजागऱ्या, कडी आणि कुलूप शोधायला लागाल, पण त्यातलं आता माझ्याकडे काहीच नाही. बिजागऱ्यांच्या जागी खाचा उरल्या आहेत, कुलपाच्या जागी एक गोल भोक आहे आणि मधोमध टपाल टाकायची लांबट फट आहे. बाकी मी जाडजूड, सागवानी आणि चांगलाच हट्टी आहे. गेली कित्येक वर्षं मी उभा नाही, आडवा आहे. लोक मला टेबल म्हणतात. म्हणू देत. माझ्यावर मन लावून काम करणाऱ्याने मला काहीही म्हटलेलं चालतं.

माझं पहिलं आयुष्य एका मोठ्या कंपनीत गेलं. तिथल्या मुख्य साहेबांच्या खोलीला मी होतो. माझ्या छातीवर सुबक अक्षरं खोल कोरली होती, ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’. शिपाई मला रोज तेलाच्या फडक्याने पुसायचा. साहेब पाहुण्यांना सांगायचे, “दार असावं तर असं! बाहेरचं आत ऐकू येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही.” हे ऐकून मी फुगायचो. माझ्यासमोर माणसं हातात कागद घेऊन ताटकळत उभी राहायची. कुणी घसा खाकरायचं, कुणी चपलेने फरशी खरवडायचं, आणि बरीचशी माणसं आतून बोलावणं न येताच परत जायची. त्यांचं काम काय होतं ते मला कधी कळलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मग काचेच्या दारांची टूम निघाली. एका दुपारी मला बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. ज्या शिपायाने मला वर्षानुवर्षं पुसलं, त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. माझ्या पायाशी सिमेंटच्या पिशव्या आल्या, कुलपाच्या भोकात कोळ्याने घर केलं. मला फार अपमान वाटला, मित्रांनो. दाराला भिंत नसली की त्याचा काही उपयोग नसतो, असंच मी समजून चाललो होतो.

तिथून मला सुतारकाकांनी उचललं. सुतारकाका दिसायला किडकिडीत, पण बोलायला खणखणीत. त्यांनी माझ्यावर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, “अरे, हा तर ठणठणीत आहे! याला उभं करायला भिंत नाही ना? मग आडवा करू.” त्यांनी दोन लाकडी घोड्या ठोकल्या आणि त्यांच्यावर मला निजवलं. कोरलेली अक्षरं खालच्या बाजूला गेली. मी मनातल्या मनात खूप बोटं मोडली. ज्याच्यासमोर माणसं उभी राहायची, त्याच्यावर आता माणसं कोपरं टेकणार होती!

माझी नवी जागा म्हणजे एका सरकारी कार्यालयाच्या तळमजल्यावरची मागची खोली. पुढे पाणीपट्टी भरायची खिडकी, मधे फरसबंद आवार आणि कडेला ही खोली. ती कार्यालयाने गावातल्या छोट्या संस्थांना वापरायला दिली होती. संस्था म्हटल्यावर तुम्हाला पाट्या, गाड्या आणि भाषणं आठवत असतील. इथे तसलं काही नव्हतं. एक खोली, एक मी, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या आणि चार माणसं. प्रत्येकाच्या मागे आणखी थोडी माणसं असायची, पण कुलूप उघडणारे हे चौघेच.

सोमवारी सुतारकाकांचं दुरुस्ती मंडळ भरायचं. मोडकी छत्री, बंद पडलेला मिक्सर, चाक निघालेली खेळण्यातली गाडी, जे येईल ते माझ्यावर यायचं. इस्त्रीची वायर माझ्या टपालाच्या फटीतून खाली सोडायची युक्ती काकांचीच. मंगळवारी भूभूताई यायच्या. त्या भटक्या कुत्र्यामांजरांना औषधपाणी करायच्या, म्हणून सगळे त्यांना भूभूताई म्हणायचे आणि त्या ‘ओ’ द्यायच्या. पिल्लं माझ्यावर थरथरत उभी राहायची आणि घाबरून जे करायचं ते करायची. मी सागवानी आहे, पण मलाही नाक आहे. बुधवारी नर्सबाई. रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुबड्या, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्या गोळा केल्या होत्या. ज्याच्या घरी दुखणं असेल त्याने न्यावं आणि बरं झालं की परत आणून द्यावं, असा त्यांचा शिरस्ता. गुरुवार मास्तरांचा. मास्तर आणि त्यांचे वाचक मिळून अंध मुलांसाठी अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचे. त्या दिवशी खिडकीच्या फटीत कापड कोंबलं जायचं, माझ्यावर जाड घोंगडी पसरली जायची आणि पान उलटतानाही मास्तर श्वास रोखून धरायचे. शुक्रवार-शनिवार ज्याला हवा त्याचा. कधी रक्तदानाची नोंदणी, कधी रोपांचं वाटप, कधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव. त्यात एक आजोबा फार लबाडी करायचे आणि सगळे ती चालवून घ्यायचे.

हळूहळू माझा राग गेला. साहेबांच्या दारात मी माणसांच्या नुसत्या पाठी आणि पोटं पाहिली होती. आता मला त्यांचे हात कळायला लागले. वॉकर न्यायला आलेल्या मुलाच्या हाताला घाम असायचा. आईने परत पाऊल टाकलं हे सांगायला तो यायचा, तेव्हा माझ्यावर थाप मारूनच बोलायचा. मला त्या थापेचा अभिमान वाटायचा.

या खोलीत एक रीत होती. आपल्यापेक्षा दुसऱ्याची नड मोठी असेल तर आपला वार त्याला सोडायचा. घासाघीस नाही, उपकाराची भाषा नाही. “उद्याचा वार तुमचा,” एवढं म्हणायचं आणि निघायचं. रीत चांगली होती, पण तिनेच आमचा घात केला.

झालं असं की, कार्यालयाच्या वापरात नसलेल्या खोल्या शोधायचं काम निघालं. महिन्याभरात कधीही पाहणी होईल आणि जी खोली बंद दिसेल ती मोडकं सामान ठेवायला परत घेतली जाईल, असं शिपाई सांगून गेला. चौघांनी माझ्याभोवती बसून ठरवलं की महिनाभर खोली एक दिवसही बंद ठेवायची नाही. नर्सबाईंनी तर बजावलं, “ताप आला तरी यायचं. फार तर गोळ्या मी देईन.”

त्यातच कानसेनची परीक्षा जवळ आली होती. कानसेन म्हणजे मास्तरांची विद्यार्थिनी. लहानपणी अक्षरओळख झाल्यावर आजारपणात तिची दृष्टी गेली, पण तिचे कान असे तयार की मास्तरांनी एक काना चुकवला तरी ती रेकॉर्डिंग थांबवायची. म्हणून हे नाव. तिचं शेवटचं वर्ष होतं. इतिहासाचं जाडजूड पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं. तिला इतिहास शिकवायला दुसरं कुणी नव्हतं आणि विकत मिळेल असं ते पुस्तक आवाजात कुठे नव्हतं. गुरुवार हुकला की तिचे धडे हुकणार, एवढं ते सरळ होतं. एकदा मास्तरांची वाट बघताना तिने सहज माझ्या खाली हात घातला. बोटं अक्षरांवरून सावकाश फिरली. मग ती एकदम हसायला लागली.

“मास्तर, तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या टेबलावर लिहिलंय, परवानगीशिवाय आत येऊ नये!”

“मग तू कशी आलीस?” मास्तर म्हणाले.

“मी खालून वाचत आले.”

त्या दिवसापासून ती मला माझ्याच जातीची वाटायला लागली. दोघांचाही हट्ट एकाच मापाचा होता.

आणि मग तो गुरुवार उजाडला. त्या दिवशी सकाळपासून मी वाट बघत होतो. घोंगडी आली नाही, खिडकीत कापड आलं नाही. नवलच वाटलं. दुपारी बाहेर पावलं वाजली. कुणीतरी खोलीच्या दारावर टकटक केलं. हे दार प्लायवूडचं आहे, टकटक केली की रिकाम्या डब्यासारखं वाजतं. मी एरवी त्याची चेष्टा करतो, पण त्या दिवशी त्याच्या जागी मी असायला हवा होतो असं मला वाटलं. मी कसंही करून उघडलो असतो. खिडकीतून एक चष्मा डोकावला. पाहणीच्या बाई होत्या. सोबतचा शिपाई म्हणाला, “एरवी असतात हो इथे लोक.” बाई म्हणाल्या, “एरवीचं मी कसं लिहिणार? आज खोली बंद आहे.” आणि त्या गेल्या. मी ओरडू शकलो असतो, तर अख्खं कार्यालय खाली आलं असतं.

काय झालं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. शिपाई येऊन प्लायवूडच्या दारावर कागद चिकटवून गेला होता की सोमवारी खोली रिकामी करून द्यावी. चौघेही धावत आले. नर्सबाईंकडे रुग्णालयातून जुन्या खुर्च्यांचा मोठा ढीग आला होता, म्हणून मास्तरांनी गुरुवार त्यांना सोडला आणि घरी रेकॉर्डिंगला बसले. बसताना नेहमीप्रमाणे फोन बंद केला. नर्सबाईंना कळलं की सुतारकाकांकडे शाळेच्या बाकांचं तातडीचं काम आहे, म्हणून त्यांनी वार काकांना सोडला आणि खुर्च्या घराच्या अंगणात धुतल्या. काकांनी ऐकलं की भूभूताईंना पिल्लांना लस टोचायची आहे, म्हणून त्यांनी वार ताईंना सोडला. आणि भूभूताईंना आठवलं की कानसेनची परीक्षा आलीय, पिल्लांचा आवाज नको, म्हणून त्यांनी वार मास्तरांना सोडला. मास्तरांचा फोन बंद! चौघेही आपापल्या घरी खुशीत होते की आपल्यामुळे दुसऱ्याचं काम नीट चाललं असेल.

“माझंच चुकलं,” मास्तर म्हणाले. “सुरुवात मी केली.”

“अहो, पण दिलेला वार मी घ्यायला हवा होता,” नर्सबाई म्हणाल्या. “चूक माझी.”

“माझी कशी नाही? मी तर या खोलीच्या शेजारीच राहतो,” सुतारकाका म्हणाले.

भूभूताई वैतागल्या. “पुरे करा! वार तर वार, आता दोषही एकमेकांना घेऊ देत नाही तुम्ही!”

सगळे हसले. कानसेन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तिने मास्तरांचं घरचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. ती म्हणाली, “मास्तर, लढाईच्या मधेच तुमचा नातू रडतो आणि तहाच्या वेळी कुकरची शिट्टी होते. मला आता तह आठवला की भूक लागते.” मग तिचा आवाज बारीक झाला. “पुढचे धडे कुठे वाचायचे?”

चौघेही पाहणीच्या बाईंना भेटून आले. बाई वाईट नव्हत्या, पण नियमावर बोट ठेवून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं, “खोली बंद होती, हे खरं की खोटं?” आणि आमच्या माणसांना खोटं बोलता येत नसल्यामुळे ते बोलणं तिथेच संपलं.

सोमवारी शिपाई कुलूप घेऊन आला. नर्सबाईंच्या कुबड्या त्यांच्या घरी गेल्या, काकांची अवजारं पेटीत गेली. शिपाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हे राहू दे. भंगारवाला नेईल.” माझ्या अंगातून कळ गेली, मित्रांनो. पुन्हा भिंतीशी टेकून राहायचं, पुन्हा कोळ्याला घर द्यायचं? मग सुतारकाका पुढे झाले.

“खोली तुमची, कबूल. दार आमचं आहे. मास्तर, धरा त्या बाजूने!”

त्यांनी मला उचललं आणि आवारात नेलं, पाणीपट्टीच्या रांगेसमोर, झाडाच्या तुटपुंज्या सावलीत. घोड्या मांडल्या, मला त्यांच्यावर ठेवलं आणि चौघेही चार बाजूंनी बसले. वार कुणाचा हे कुणीच विचारलं नाही. एका टोकाला काका छत्री दुरुस्त करायला लागले, दुसऱ्या टोकाला नर्सबाई वॉकरचे रबर बदलायला लागल्या, भूभूताईंनी मांडीवर एका आजारी पिल्लाला घेतलं आणि मधोमध घोंगडी अंथरून मास्तरांनी इतिहास उघडला.

शिपाई मागोमाग आला. “अहो, इथे बसायची परवानगी आहे का?”

कानसेनने माझ्या खालच्या अक्षरांवर हात ठेवला. “परवानगीचं सगळं आमच्या टेबलाखाली लिहिलेलं आहे. वाकून बघा.”

तो बिचारा खरंच वाकला. वाचून उठला आणि डोकं खाजवत निघून गेला.

पण खरी अडचण आवाजाची होती. रांगेत गप्पा, खिडकीवर धपाधप शिक्के, फाटकातून मोटारसायकली. मास्तर पहिलं वाक्य वाचायचे, थांबायचे, पुन्हा वाचायचे. कानसेन मान हलवून नाही म्हणायची. शेवटी सुतारकाका उठले. त्यांचा खणखणीत आवाज रांगेच्या शेवटापर्यंत गेला.

“मंडळी, या पोरीची परीक्षा आहे आणि हिचं पुस्तक आवाजात आहे. एक धडा वाचून होईपर्यंत जरा सांभाळून घ्याल का?”

रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक बाई म्हणाल्या, “वाचा की. आम्हाला तरी कुठे घाई आहे? रांग काही पुढे सरकत नाही.” आणि सगळे गप्प झाले. खिडकीतल्या कारकुनाने शिक्का अलगद टेकवायला सुरुवात केली. फाटकातून आलेल्या माणसाने मोटारसायकल बंद केली आणि ढकलत नेली. काकांनी हातोडी खाली ठेवून नुसती सुई चालवली. पिल्लू झोपलं. मास्तर वाचू लागले.

मला मात्र दरदरून घाम फुटायचा बाकी होता. ऊन माझ्यावर सरकत आलं होतं. टपालाच्या फटीपासून माझ्या अंगात एक जुनी चीर होती आणि ती उन्हाने ताणायला लागली होती. लाकूड उलायचं असलं की मोठ्याने तडकतं. एक ताडकन आवाज, आणि मास्तरांचा धडा पुन्हा पहिल्यापासून! मी सगळं बळ एकवटलं. स्वतःला म्हटलं, साहेबांच्या खोलीत तू आवाज अडवण्यात पटाईत होतास ना, मग आता अडव. चीर रुंद होत होती, दुखत होतं, पण मी हूं की चूं केलं नाही. कानसेनचा तळहात त्या चिरेजवळच होता. तिला बहुधा काहीतरी जाणवलं, कारण तिने तो तिथून हलवला नाही.

एवढ्या शांततेची त्या इमारतीला सवय नव्हती. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. मग दुसरी. थोड्या वेळाने पाहणीच्या बाई खाली आल्या. त्या काही बोलणार तेवढ्यात रांगेतल्या त्याच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि साहेबबाईंना चक्क रांगेच्या शेवटी उभं राहायची खूण केली. त्या उभ्या राहिल्या. तह होईपर्यंत उभ्या राहिल्या. या वेळी तहात शिट्टी झाली नाही.

धडा संपला. मास्तरांनी यंत्र बंद केलं.

“आज वार कुणाचा आहे?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यांचा,” मास्तर म्हणाले.

“आणि त्या गुरुवारी?”

भूभूताईंनी घडलेलं सगळं सांगितलं, कुणी कुणाला वार सोडला ते. बाई ऐकत राहिल्या. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, “म्हणजे चौघांनीही जागा दिली आणि घेतली कुणीच नाही. असली चूक मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती. इथे सगळे घ्यायलाच येतात.” जाता जाता त्या वळल्या. “हे बघा, त्या दिवशी मी जे पाहिलं ते लिहिलं. आज पाहिलंय तेही लिहीन. पुढचं माझ्या हातात नाही.”

पुढचं लगेच झालंही नाही. इतिहास संपेपर्यंत आम्ही रोज त्या आवारात बसलो. चीर ताणली की काका कमरेचा पट्टा काढून, त्याला दोरी जोडून माझ्याभोवती आवळायचे आणि एका हाताने विजार सांभाळत काम करायचे. रांगेतली माणसं ओळखीची झाली. कुणी घरी पडून असलेली कुबडी आणून दिली, कुणी आठवड्यातून एक धडा वाचायला यायचं कबूल केलं. परीक्षा सुरू झाली त्या आठवड्यात शिपाई आला, या वेळी किल्ली घेऊन. मला उचलायला तो स्वतः पुढे झाला आणि आत नेताना प्लायवूडच्या दाराला माझा कोपरा लागू नये म्हणून त्याने फार जपलं.

आता खोलीची रीत थोडी बदलली आहे. वार सोडायचा नाही, वाटून घ्यायचा. म्हणून गुरुवारी माझ्या एका टोकाला आवाज न करणारी दुरुस्ती चालते. कानसेन पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली, हे ती स्वतः सांगायची नाही, म्हणून मी सांगतो. आता ती गुरुवारी मास्तरांच्या शेजारी बसते, ब्रेलच्या उठावदार ठिपक्यांवर बोटं फिरवत धाकट्या मुलांसाठी गोष्टी वाचते. मास्तरांच्या चुका अजूनही काढते.

माझ्या चिरेत काकांनी लाकडाची पट्टी बसवली. ती माझ्या रंगाला जुळत नाही. मला उलटं टाकलं होतं तेव्हा काकांनी खालच्या अक्षरांवर रंधा ठेवला होता. कानसेन म्हणाली, “राहू द्या काका. ही अक्षरं खाली आहेत तोवर ठीक आहे. पुन्हा वर येऊ द्यायची नाहीत, एवढं आपण बघू.” काकांनी रंधा पेटीत टाकला.

तर मित्रांनो, तुमच्या आसपास भिंतीला टेकवून ठेवलेलं काही असेल, वस्तू असो की माणूस, तर एकदा जवळ जा, टकटक करा, कान लावा. तडे बुजवता येतात. आणि तुमच्या गावातही अशी एखादी खोली असेलच. तिथे जाऊन काही द्या, आणि कुणी काही देऊ केलं तर संकोच न करता घ्या, कारण न घेतल्यानेही खोल्या बंद पडतात. मी उभा होतो तेव्हा माझ्यासमोर माणसं थांबायची. आजही थांबतात. पण आता कुणीतरी भिंतीशी जातं, घडीची एक खुर्ची उघडतं आणि म्हणतं, “बसा. काय काम होतं?”